पाठीवर चुन्याचा हात

मार्गशीर्ष उतरणीला लागला की आमच्या शाळेचे वर्ग टरफलांनी भरतात. पोरांच्या खिशात हरभऱ्याचे घाटे, दप्तरात तुरीच्या शेंगा आणि बाकांखाली सालींचा ढीग. आमच्या शिपाई मावशी झाडता झाडता सगळ्या शाळेचा उद्धार करतात. मी शाळेचा क्लार्क. ऑफिसच्या खिडकीशी बसून बोनाफाईड लिहीत असतो आणि त्या ओल्या, हिरव्या, किंचित आंबट वासाने माझं चित्त उडतं. पालमच्या बसस्टँडसमोर बायका पाट्यांत वाल, तूर, वाटाणा, बोरं, गाजरं मांडून बसतात. येणारा-जाणारा एकमेकाला विचारतो, "मग, येळवसीला शेतातच ना?" मी "तर काय" म्हणतो आणि उजवा हात खिशात घालतो.

ही माझी आठ वर्षांची सवय आहे. दिवस थंडीचे असतात, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. हा सण लातूरच्या बाजूने आमच्या पालमपर्यंत येतो आणि परभणीला पोचेपर्यंत विरून जातो. त्या दिवशी आमची गावं ओस पडतात. सगळी माणसं शेतात. कडब्याच्या पाच पेंढ्यांची कोप उभी करायची, आत पाच दगड मांडून त्यांना चुना लावायचा, ते पांडव. सगळ्या शेंगांची मिळून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि मडक्यातून आणलेली आंबट अंबील. जेवणाआधी घरच्या कर्त्याने पिकाला वळसा घालत अंबील शिंपडायची आणि "वलगे वलगे, सालम पलगे" असं ओरडायचं. अर्थ विचारू नका, आमच्या आज्यालाही माहीत नव्हता. आणि एक नियम असा की त्या दिवशी कुणी एकट्याने जेवायचं नाही. ज्याला शेत नाही त्याला हाक मारायची, जो लांब आहे त्याला डबा पोचता करायचा. या नियमाने मला पुढे कोर्टात उभं केलं, पण ते नंतर.

शैला, माझी बायको, पिंगळीची. तिचं माहेर स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर. गाड्यांच्या वेळा तिला तोंडपाठ होत्या, पण येळवस ठाऊक नव्हती. पहिल्या वर्षी तिने माझ्या आईला विचारलं, "एवढं घर असताना शेतात जाऊन कामून जेवायचं?" आई म्हणाली, "घरात तर रोजच जेवती की." दोन वर्षांत शैला भज्जी अशी करायला लागली की शेजारच्या शेतातले सोपानमामा स्वतःची भज्जी सोडून आमच्याकडे वाटी घेऊन यायचे. मामी चिडायच्या. "आमची काय इखाची हाय का?" म्हणायच्या, आणि मग स्वतःही वाटी पुढे करायच्या.

मला आठवते ती बांधावरून चालणारी शैला. डोक्यावर अंबिलीचं मडकं, एक हात वर, दुसऱ्या हातात ओंकारचं बोट. ज्वारी दोन्ही बाजूंनी डोक्याच्या वर गेलेली, पानांवरच्या दवाने तिचं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं. तिला थंडी वाजायची आणि तरी ती गुणगुणत असायची. माझं तिच्यावर प्रेम होतं. आता हे वाक्य मी कुठेही उच्चारलं की ते वकिलाने शिकवल्यासारखं वाटतं. पण होतं.

रागाचं म्हणाल तर तो आमच्या घरात कौतुकाचा विषय होता. माझे वडील रागीट, आजा त्याहून रागीट. "मन्मथचा राग मंजी दुधाचं उतू जाणं," आई पाहुण्यांना सांगायची, "फुंकर मारली की खाली." फुंकर कुणी मारायची, हे मात्र कुणी विचारलं नाही. लग्नानंतर ते काम शैलाकडे आलं. भाजीत मीठ जास्त झालं, ताट सरकवलं. इस्त्री नीट नाही, शर्ट फेकला. पोरांनी आवाज केला, मी त्याहून मोठा आवाज केला. मग अर्ध्या तासाने मीच भेळ आणायचो आणि सगळ्यांनी हसावं अशी माझी अपेक्षा असायची. ती हसतही. ओंकार भेळ खाताना माझ्या तोंडाकडे बघत राहायचा, हे मला आता आठवतं.

आम्ही लिंगायत, आमच्या गळ्यात लिंग असतं. सकाळी आंघोळ झाली की ते डाव्या तळहातावर घ्यायचं आणि उजव्या हाताने भस्म लावायचं, बेलपान वाहायचं. ही पूजा झाल्याशिवाय मी चहा घेत नाही. त्या दिवशीही पूजेआधी नव्हता घेतला.

त्या वर्षी गिरिजा चौथीत होती, ओंकार पहिलीत. काळ्या रानाला भेगा पडलेल्या. मी पुढे, मागे शैला मडकं घेऊन, तिच्यामागे आई. गिरिजा आधीच पळत कोपीपाशी गेली होती. दगडांना चुना लावायचा मान दरवर्षी तिचा. बांध उतरताना शैलाचा पाय भेगेत गेला, ती गुडघ्यावर पडली आणि मडकं फुटलं. पांढरी अंबील काळ्या मातीत झरझर मुरली. आई ओरडली, "अगं बया, पांडवांच्या आधी मातीला गेली की!" मी वळलो. शैला हसली. पडल्यावर माणूस ओशाळून हसतं तसं, दुसरं काही नाही.

मी मारलं.

पुष्कळ वर्षं मी स्वतःशीसुद्धा "हात उठला" असं म्हणायचो, जणू हाताचं लग्न वेगळं आणि माझं वेगळं. मी मारलं. गालावर, पूर्ण तळहाताने. आणि दुसऱ्यांदा मारायला हात मागे नेला, तेव्हा कुणीतरी मागून माझा शर्ट धरून ओढला. पाठीला एक छोटा, ओला, गार धक्का बसला. मी थांबलो. मागे गिरिजा होती, दोन्ही हात चुन्याने माखलेले. ती रडत नव्हती. फक्त शर्ट सोडत नव्हती.

मग जे झालं ते मला त्या थापडीपेक्षा जास्त छळतं. काहीच झालं नाही. शैलाने खापऱ्या वेचल्या. मी सोपानमामांच्या शेतात जाऊन तांब्याभर अंबील मागून आणली. "मडकं फुटलं," एवढंच सांगितलं. मामांनी मुकाट्याने दिली. मी पिकाला वळसा घातला, "वलगे वलगे" ओरडलो, मागे ओंकार तेच ओरडत पळत होता. पंगत बसली. शैलाने सगळ्यांना वाढलं. तिचा एक गाल लाल होता, पदर त्या बाजूला ओढलेला. ती जेवली नाही, हे माझ्या ध्यानात आलं होतं. आणि मी? मी भज्जी दोनदा मागून घेतली.

घरी येऊन शर्ट काढला तेव्हा दिसलं. निळ्या शर्टावर, पाठीच्या बरोबर मधोमध चुन्याचा हात. चार बोटं आणि अंगठा, करंगळी जरा बाहेर झुकलेली. म्हणजे दिवसभर तो हात पाठीवर घेऊन मी अख्ख्या शिवारात फिरलो होतो. अंबील मागायला गेलो तेव्हा होता, पंगतीत होता, गावातून चालत आलो तेव्हा होता. सगळ्यांनी पाहिला असणार. सकाळी उठलो तर आईने काही न विचारता शर्ट धुऊन वाळत घातलेला होता.

संक्रांतीला शैला पोरांना घेऊन पिंगळीला गेली ती आली नाही. मी जायला हवं होतं. मी निरोप पाठवला, "यायचं असेल तर ये म्हणावं." असा निरोप पाठवणाऱ्याची अक्कल कुठे गेली होती हे मला आजही कळत नाही. उन्हाळ्यात कोर्टाचा कागद आला.

कागदात अकरा गोष्टी होत्या. मी दारू पितो. मी कधी थेंब चाखलेला नाही. मी तिच्या माहेरहून मोटारसायकल मागितली, खोटं. माझी आई तिला उपाशी ठेवायची. आई बिचारी स्वतःच्या ताटातलं तिला वाढायची. वाचता वाचता माझी कानशिलं तापली. शाळेतले सर म्हणाले, "आजकाल असंच असतंय, फिकीर करू नका." मला ते फार बरं वाटलं. आणि मग सातवी गोष्ट आली. वेळ अमावस्येच्या दिवशी शेतात अर्जदारास मुलांसमक्ष काठीने मारहाण केली.

काठीने! मी उडालोच. काठी कुठे होती? मी आनंदलो, खरं सांगतो, हरवलेली किल्ली सापडावी तसा आनंदलो. वकिलांना म्हणालो, "साहेब, हे तर साफ खोटं आहे, काठी नव्हतीच." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "मग काय होतं?" त्यांनी कागद उलटा केला. "हे बघा, एक कबूल केलं की अकराच्या अकरा गळ्यात पडतेत. सरसकट नाकबूल." तिच्या वकिलाने काठी घातली, माझ्या वकिलाने हात काढून टाकला, आणि खरं जे होतं ते कुणाच्याच कागदावर राहिलं नाही. सोपानमामांनी लिहून दिलं की आम्ही शेजारी असून असा काही प्रकार पाहिला नाही. मी त्यांना सही कुठे करायची ते दाखवलं. दाखवायला क्लार्कच लागतो.

जूनमध्ये आमच्या शाळेत पिंगळीहून एक अर्ज आला. खाली शैलाची सही. मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले मिळावेत. दाखले लिहिणं हे माझंच काम. हेडमास्तर म्हणाले, "राहू द्या, मी दुसऱ्याकडून लिहून घेतो." मी म्हणालो, नको, दुसऱ्याचं अक्षर बरोबर नाही. जनरल रजिस्टर काढलं. विद्यार्थिनीचं नाव, गिरिजा. वडिलांचं नाव, मन्मथ. वर्तणूक, चांगली. शाळा सोडल्याचे कारण. या रकान्यात मी आजवर शेकडो वेळा "पालकाच्या विनंतीवरून" लिहिलंय. त्या दिवशी पेन तिथे इतका वेळ टेकून राहिलं की शाईचा ठिपका पडला. मग तेच लिहिलं. ओंकारच्या दाखल्यावरही तेच. मावशींनी दाखले पाकिटात घातले आणि माझ्यासमोर चहा ठेवला.

पुढची येळवस आली तोवर कोर्टाचा तात्पुरता आदेश होता. मी स्वतः किंवा दुसऱ्या कुणामार्फत शैलाशी वा मुलांशी संपर्क करायचा नाही. मी तो वाचला होता, त्यावर सही केली होती. पण आईने भज्जी केली, डबा भरला आणि म्हणाली, "लेकरं तिकडं येळवसीबिगर राहतेत का?" आमच्या मनात संपर्क म्हणजे फोन, चिठ्ठी, दारात जाणं. येळवसीचा डबा म्हणजे संपर्क हे आमच्या डोक्यातच येणं शक्य नव्हतं. देवाचा प्रसाद टाळायला कोणतं कोर्ट सांगेल? स्टँडवर ओळखीचा कंडक्टर होता. डबा त्याच्या हातात दिला, "पिंगळी फाट्यावर माझ्या सासऱ्याला द्या," म्हणालो. आमच्याकडे वर्षानुवर्षं डबे असेच जातात.

तो डबा न उघडता कोर्टात आला. दहा दिवसांनी. टेबलावर ठेवला तेव्हा वासाने पुढच्या रांगेतल्या लोकांनी नाकाला रुमाल लावले. मी न्यायाधीशांना येळवस समजावून सांगायला लागलो. कोप, पांडव, एकट्याने न जेवणं. ते परभणीत नवीन होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आदेश तुम्हाला मराठीत दिला होता ना?" मी हो म्हणालो. तेव्हा मला फार अन्याय वाटला. आता वाटतं, ज्या दिवशी आपल्याला मारलं त्याच दिवसाचं जेवण बरोबर वर्षाने डब्यात भरून दारात आलं, तर ते उघडणाऱ्या बाईला कसं वाटेल, हा विचार आमच्या घरात कुणालाच शिवला नव्हता.

मग कोर्टातली ती मुलांची खोली. भिंतीवर ससे रंगवलेले, छोट्या खुर्च्या, समुपदेशक बाई. गिरिजा माझ्यासमोर बसली होती. वर्षभरात तिचे हात लांब झाले होते. बाईंनी तिला अगदी मायेने विचारलं, "बेटा, त्या दिवशी शेतात पप्पांनी काठीने मारलं होतं का?"

गिरिजाने माझ्याकडे पाहिलं. "काठी नव्हती," ती म्हणाली.

मी बाईंकडे वळून "बघा" म्हणालो. माझ्या चेहऱ्यावर हसू होतं, हे मला पक्कं आठवतं.

"हात होता," गिरिजा म्हणाली.

खोलीत पंखा फिरत होता. मला एक शब्द बोलायचा होता, "हो". त्याऐवजी मी म्हणालो, "तिला पढवून आणलंय, मॅडम."

गिरिजा रडली नाही. तिने दोन्ही तळहात फ्रॉकला पुसले, सावकाश, दोनदा. हाताला काही लागलेलं नव्हतं. मग खाली बघत बसली, शेवटपर्यंत तिने वर बघितलंच नाही. माझी मुलं मी कोर्टात हरलो असं लोक म्हणतात. कोर्टाचा निकाल नंतर आला. मी ती त्या खोलीत हरलो, एका वाक्यात, आणि त्यातही काठीची कुणाला गरज लागली नाही.

पुढे रीतसर काडीमोड झाला. मुलं आईकडे. मला महिन्यातला पहिला रविवार. गिरिजा एकदाही आली नाही. ओंकार काही महिने आला, माझ्या शेजारी बसून मोबाईलवर गेम खेळला, मग त्याचीही शिकवणी लागली. शैलाने कधी अडवलं नाही. अडवलं असतं तर बरं झालं असतं, मला बोलायला तोंड राहिलं असतं. आई दर येळवसीला विचारायची, "औंदा तरी येतेत का?" आणि मग एका मार्गशीर्षाआधी तीही गेली. तेव्हापासून भज्जी मीच करतो. कोप करतो, दगडांना चुना लावतो. चुन्यात हात बुडवला की पाठीवर, बरोबर मधोमध, गार लागतं. आंघोळीच्या गरम पाण्यानेही ती जागा तापत नाही. सोपानमामा हाक मारून त्यांच्या पंगतीला बसवतात, कारण नियम आहे.

यंदा येळवसीच्या आठ दिवस आधी खिडकीत एक प्लास्टिकची फाईल आली.

"पहिलीचा प्रवेश निर्गम उतारा पायजे होता. जात पडताळणीला."

बारावीची पोरं या दिवसांत याच कामाला येतात. मी मान वर न करता विचारलं, "नाव?"

"गिरिजा मन्मथ," ती म्हणाली आणि थांबली.

मी वर पाहिलं. शैलाची हनुवटी, माझ्या आईचं कपाळ. ती माझ्याकडे बघत नव्हती, नोटीस बोर्डाकडे बघत होती. "वडलांच्या सहीचं वंशावळीचं शपथपत्र पण लागतंय," ती म्हणाली. मला हसावं की रडावं कळेना. कोर्टाने सोडवलेला बाप सरकारने परत शोधायला लावला होता. सात पिढ्यांची माणसं लिहून द्या म्हणे, आणि सही बापाची.

मी रजिस्टर उघडलं. तिच्या नावाची ओळ, आणि तो शाईचा ठिपका. तिने खिडकीतून वाकून पाहिलं.

"अक्षर तुमचंच हाय का?"

"हो."

उतारा लिहून दिला. शपथपत्राला आठ दिवस लागतील म्हणालो. काम एका दिवसाचं होतं. खोटं बोलायची माझी खोड गेलेली नाही, हे कबूल करतो. ती फाईल आवरायला लागली तेव्हा मी म्हणालो, "गिरिजा, त्या दिवशी शेतात मी..."

"मला काय सांगायलाव? मी तिथंच होते."

"मी त्या मॅडमसमोर..."

"तिथं बी होते." पहिल्यांदा तिने माझ्याकडे सरळ पाहिलं. "आईला सांगा."

"कसं सांगू?"

"ते बी मीच सांगू का?" ती म्हणाली आणि गेली. अर्जावर तिचा मोबाईल नंबर होता. मी तो वाचला आणि अर्ज फाईलला लावला. तो शाळेच्या कामासाठी दिलेला होता.

येळवसीला मामांच्या कोपीपाशी पंगत बसली. ज्वारी निसवली होती, कणसांवर पाखरं उतरत होती, मामी उंडे मोडून वाढत होत्या. मी वाटी खाली ठेवली. "मामा, त्या वर्षी मी शैलाला मारलं होतं. तुम्ही सही केली ती खोटी होती."

मामांनी घास चावून संपवला. "मला म्हाईत हाय की," ते म्हणाले. "अंबील घेऊन वळलास तवा पाठीवर लेकराचा हात होता. चुन्याचा. कोण उगंच बापाला मागून धरतंय?"

"मग सही कशाला केलीत?"

"तू शेजारी." त्यांनी ताटातला उंडा मोडला. "ती बी शेजारीणच होती म्हना. चुकलंच."

मामींनी माझ्या वाटीत भज्जी वाढली, मग पदराने डोळे पुसले आणि चुलीच्या धुरावर ढकललं. त्या दिवशी सगळ्यांना माहीत होतं. सगळ्या शिवाराला माहीत होतं, आणि कोर्टात ते सांगायला एक दहा वर्षांची पोरगी तेवढी होती.

दोन दिवसांनी गिरिजा आली. मी खिडकीत शपथपत्र ठेवलं, वर एक उघडं पाकीट, आणि शेजारी स्टीलचा डबा. भज्जी मुरली की जास्त चांगली लागते.

"ह्याच्यात काय हाय?"

"वाच. चिकटवलेलं नाही."

तिने कागद काढला. चार ओळी होत्या. शैला, वेळ अमावस्येला शेतात मी तुला हाताने मारलं. आणखी मारणार होतो, गिरिजाने धरलं. कोर्टात मी नाही म्हणालो ते खोटं होतं आणि गिरिजा बोलली ते खरं होतं. हे कुणाला दाखवायचं असेल तर दाखव. खाली माझी सही.

तिने दोनदा वाचलं. मग कागद खिडकीतून माझ्याकडे परत सरकवला.

"तारीख न्हाई टाकली," ती म्हणाली.

गेली वीस वर्षं याच खिडकीतून मी लोकांचे अर्ज याच एका कारणाने परत करत आलोय. मी पेन घेतलं. "कोणती टाकू? आजची, का त्या दिवसाची?"

बाहेर मधली सुट्टी होती, पोरं हरभरा सोलत होती.

"दोन्ही," ती म्हणाली.

मी दोन्ही टाकल्या. तिने कागद घडी करून फाईलमध्ये ठेवला, उताऱ्याच्या मागे, शपथपत्राच्या पुढे. डब्याकडे बघितलं. झाकणाला हात लावला आणि काढून घेतला. "आईला इचारल्याबिगर न्हाई न्यायची," ती म्हणाली. मी "बरोबर आहे" म्हणालो. ती फाटकातून बाहेर पडेपर्यंत मी बघत होतो. परभणीची गाडी लागलेलीच होती.

येळवसीचं एकट्याने खायचं नाही. मी मावशींना हाक मारली, डबा टेबलावर मधोमध ठेवला आणि खिशातला हात काढून त्यांना वाढलं. मावशींनी पहिला घास घेतला, बाहेर फाटकाकडे पाहिलं.

"लेक होती का?"

"हो."

"लय गुणाची दिसायली."

"खरं बोलते," मी म्हणालो.